विमानाला जमिनीवरून वीजपुरवठा : आगीचा धोका आणि दक्षता

विमान आकाशात असताना त्याला लागणारी वीज इंजिनांना जोडलेली जनित्रे पुरवितात. विमान थांब्यावर येऊन इंजिने बंद झाली, की ही वीज थांबते. मात्र विमानातील दिवे, वातानुकूलन, संदेशवहन, संगणक आणि इंधन भरण्याची यंत्रणा यांची विजेची गरज संपत नाही. ती भागविण्यासाठी जमिनीवरून एक जाड केबल आणून विमानाच्या पोटाखालील किंवा नाकाजवळील सॉकेटमध्ये बसविली जाते. खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशाला हे काम घरातील इस्त्रीचा प्लग लावण्याइतके साधे वाटते. प्रत्यक्षात त्या एका प्लगमधून एखाद्या मध्यम कारखान्याला पुरेल इतकी वीज जात असते; आणि ती जाते इंधनाच्या टाक्या, प्राणवायूच्या नळ्या व माणसे असलेल्या यंत्रात. म्हणूनच या जोडणीतील अग्निसुरक्षा हा विमानतळावरील तांत्रिक शिस्तीचा महत्त्वाचा भाग मानला जातो.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण औद्योगिक पट्ट्याला हा विषय दूरचा नाही. येथील उद्योजक, अभियंते आणि परदेशी तंत्रज्ञ पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून ये-जा करतात. महापालिकेच्या हद्दीतील दिघी, चऱ्होली हा परिसर तर लोहगावला लागूनच आहे. चाकण-राजगुरुनगर भागात स्वतंत्र विमानतळ उभारण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत होता. २०१६ मध्ये पुरंदरची निवड झाल्यानंतर तो मागे पडला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की विमानाच्या प्लगमध्ये आग ज्या कारणांनी लागते, त्याच कारणांनी ती भोसरीतील वर्कशॉपमध्ये, तळवड्यातील पॅनेलमध्ये आणि विजेवरील वाहनाच्या चार्जरमध्येही लागू शकते.

घरातील वीज विमानाला का चालत नाही?

भारतात महावितरणची वीज ५० हर्ट्‌झ वारंवारतेची असते. कारखान्यात ती साधारणपणे ४१५ व्होल्ट, थ्री-फेज स्वरूपात येते. बहुतेक मोठ्या प्रवासी विमानांना मात्र ११५/२०० व्होल्ट, थ्री-फेज आणि ४०० हर्ट्‌झ वारंवारतेची वीज लागते. वारंवारता वाढविली, की तेवढ्याच क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर किंवा मोटार आकाराने लहान आणि वजनाने हलकी करता येते. विमानात प्रत्येक किलो वजनाचा हिशेब असल्यामुळे ४०० हर्ट्‌झची पद्धत रूढ झाली. हेलिकॉप्टर, प्रशिक्षण विमाने आणि एटीआरसारखी पंख्याची विमाने यांना २८ व्होल्टचा एकदिश वीजपुरवठा लागतो.

ही वीज तीन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग म्हणजे विमानाच्या शेपटीतील लहान टर्बाइन इंजिन, ज्याला ‘एपीयू’ म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे चाकांवरील डिझेल जनित्रसंच, अर्थात ‘ग्राउंड पॉवर युनिट’ किंवा ‘जीपीयू’. तिसरा मार्ग म्हणजे एरोब्रिजखाली बसविलेला स्थिर परिवर्तक. हा ५० हर्ट्‌झची वीज आधी एकदिश करतो आणि मग तिचे ४०० हर्ट्‌झमध्ये रूपांतर करतो. लहान प्रवासी विमानाचा एपीयूदेखील ताशी १०० किलोहून अधिक इंधन जाळतो, शिवाय आवाज आणि धूर होतो. त्यामुळे जगभरातील विमानतळ एपीयू बंद ठेवून जमिनीवरील वीज वापरण्यावर भर देत आहेत. इंधन वाचते, हवा स्वच्छ राहते. मात्र प्लग जोडण्याची आणि काढण्याची वेळ अधिक वेळा येते.

धोका नेमका कोठे असतो?

एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ यांच्यासारख्या विमानाची जोडणी सामान्यतः ९० केव्हीए क्षमतेची असते. २०० व्होल्ट थ्री-फेजवर ९० केव्हीए म्हणजे प्रत्येक फेजमधून सुमारे २६० अँपिअर प्रवाह. मोठ्या विमानांना दोन किंवा अधिक जोडण्या लागतात. एअरबस ३८० ला अशा चार जोडण्यांची सोय आहे.

प्रवाह इतका मोठा असल्यावर संपर्कातील लहानसा दोषही महागात पडतो. निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. प्लगच्या पिनवर काजळी साचल्यामुळे किंवा सॉकेट सैल झाल्यामुळे तेथे केवळ १ मिलिओहम रोध तयार झाला, तर २६० अँपिअरला सुमारे ६८ वॅट उष्णता निर्माण होते. रोध ५ मिलिओहम झाला, तर ती सुमारे ३४० वॅट होते. बोटाएवढ्या जाडीच्या पिनमध्ये, रबराच्या बंद आवरणात, अर्धा-पाऊण तास ही उष्णता साचत राहिली, की आवरण मऊ पडते, करपते आणि पेट घेते.

यातील फसवी बाब अशी, की अशा वेळी सर्किट ब्रेकर पडत नाही. ब्रेकर जादा प्रवाह ओळखतो. येथे प्रवाह नेहमीएवढाच असतो, फक्त तो चुकीच्या जागी उष्णता निर्माण करतो. ‘ब्रेकर पडला नाही, म्हणजे सारे ठीक आहे’ ही समजूत म्हणूनच धोकादायक आहे.

सैल संपर्क हा एक प्रकारे संसर्गजन्यही असतो. झिजलेल्या प्लगमुळे विमानाच्या पिना करपतात. ते विमान दुसऱ्या शहरात गेल्यावर त्या करपलेल्या पिना तेथील चांगला प्लग खराब करतात, आणि तो प्लग पुढच्या विमानाचे नुकसान करतो. एका थांब्यावरील हलगर्जी अशा रीतीने अनेक विमानतळांवर पोहोचते.

केबलचाही विचार करावा लागतो. ४०० हर्ट्‌झवर केबलचा प्रतिघात ५० हर्ट्‌झच्या तुलनेत आठपट असतो. उरलेली केबल वेटोळे करून जमिनीवर टाकल्यास उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि व्होल्टेजही घसरते. शून्य-तारेचा म्हणजे न्यूट्रलचा संपर्क तुटल्यास तिन्ही फेजमधील समतोल बिघडतो आणि ११५ व्होल्टच्या उपकरणांवर त्याहून बराच अधिक दाब येऊ शकतो. केबल जोडलेली असतानाच एखादे वाहन पुढे नेले गेले, तर प्लग भार असताना उखडतो आणि ठिणग्यांचा लोळ उठतो.

दोन लहान पिनांचे काम

थ्री-फेज विमान-प्लगमध्ये सहा पिना असतात. त्यांपैकी चार जाड पिना तीन फेज आणि न्यूट्रलसाठी असतात. उरलेल्या दोन पिना बारीक आणि आखूड असतात. त्यांना ‘ई’ आणि ‘एफ’ म्हणतात. या दोन पिनांतून २८ व्होल्टचा नियंत्रण-प्रवाह जातो.

त्या आखूड असण्यामागे मोठा विचार आहे. प्लग बसविताना जाड पिना आधी जुळतात, आणि प्लग पूर्ण आत गेल्यावरच लहान पिना जुळतात. त्या जुळल्याखेरीज जीपीयूचा काँटॅक्टर वीज सोडत नाही. प्लग काढताना याच्या उलट घडते. लहान पिना प्रथम सुटतात, काँटॅक्टर उघडतो, वीज बंद होते आणि मग जाड पिना वेगळ्या होतात. कोणी घाईत प्लग ओढला, तरी भारित पिनांमध्ये आर्क होऊ नये, ही त्यामागची योजना. प्लग अर्धवट बसला असेल, तर वीज सुरूच होत नाही, हा त्याचा दुसरा लाभ.

काही जीपीयूंवर हा इंटरलॉक वगळण्यासाठी बगल-स्विच असतो. ज्या विमानात हा नियंत्रण-संकेत मिळत नाही, त्यांच्यासाठीच तो ठेवलेला असतो. परंतु झिजलेल्या पिनांमुळे वीज वारंवार खंडित होऊ लागली, की तो स्विच कायमचा चालू ठेवण्याचा मोह होतो. यंत्रणा दोष दाखवीत असते आणि माणूस तिचे तोंड बंद करतो. सुरक्षेची संपूर्ण साखळी या एका कृतीने तुटते. वीज टिकत नसेल, तर बगल-स्विच नव्हे, प्लग बदलणे हाच उपाय होय.

विमानाच्या बाजूनेही पहारा असतो. आलेल्या विजेचे व्होल्टेज, वारंवारता आणि फेजचा क्रम योग्य असेल, तरच कॉकपिटमध्ये वीज उपलब्ध असल्याचा दिवा लागतो. त्यानंतर वैमानिक किंवा अभियंता स्विच दाबतो, तेव्हाच ती वीज विमानात घेतली जाते.

इंधन आणि उन्हाळा

जेट ए-१ या विमान इंधनाचा प्रज्वलनांक किमान ३८ अंश सेल्सिअस असतो. म्हणजे इंधन या तापमानाच्या वर गेले, की त्याच्या वाफा ठिणगीने पेट घेण्याइतक्या तयार होऊ शकतात. लोहगाव परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ३८ अंशांच्या वर जातो. तापलेल्या काँक्रीटवर तर तापमान त्याहूनही अधिक असते. थंड देशात कमी धोक्याचे वाटणारे इंधन पश्चिम महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात तितके निर्धोक राहत नाही.

त्यामुळे इंधन भरताना विमानाच्या वीजजोडणीला हात लावायचा नाही, असा सर्वमान्य संकेत आहे. जीपीयू आधीच जोडलेले असेल तर चालू राहू शकते; मात्र इंधन भरणे सुरू असताना प्लग जोडणे किंवा काढणे टाळले जाते. इंधन भरण्याच्या आणि टाकीतील वाफा बाहेर सोडण्याच्या जागांभोवती किमान ३ मीटरचे क्षेत्र ठिणगीमुक्त ठेवण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय स्तरावर रूढ आहे.

हँगरमध्ये नियम अधिक कडक होतात. इंधनाच्या वाफा हवेपेक्षा जड असल्याने त्या जमिनीलगत साचतात. म्हणून अमेरिकी विद्युत संहितेनुसार हँगरच्या जमिनीपासून ४५० मिलिमीटरपर्यंतचा थर धोक्याचा मानला जातो आणि चाकांवरील वीजसंचाची विद्युत उपकरणे त्याहून उंच ठेवावी लागतात. विमान हँगरमध्ये ठेवताना त्याची विद्युतयंत्रणा बंद करावी आणि विमानात बसविलेली बॅटरी हँगरच्या आत चार्ज करू नये, असेही ही संहिता सांगते.

घडलेल्या घटना

उभ्या विमानाजवळची आग ही कल्पनेतील गोष्ट नाही. १० जानेवारी २०२२ रोजी मुंबई विमानतळावर जामनगरला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाजवळ, ते मागे ढकलण्यासाठी आणलेल्या टग ट्रॅक्टरने पेट घेतला. विमानात प्रवासी बसलेले होते. आग काही मिनिटांत विझविण्यात आली आणि कोणालाही इजा झाली नाही. ११ जून २०१८ रोजी जर्मनीत फ्रँकफर्ट येथे अशाच ट्रॅक्टरची आग लुफ्तान्साच्या एअरबस ३४० विमानाच्या नाकापर्यंत पोहोचली आणि धुराचा त्रास काही जणांना झाला. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्ली विमानतळावर एका विमानाजवळ उभ्या असलेल्या बसला आग लागली. त्या वेळी बसमध्ये प्रवासी नव्हते. या तिन्ही घटना प्लगमधील दोषाच्या नाहीत. मात्र जमिनीवरील यंत्राची आग विमानापर्यंत पोहोचायला किती कमी अंतर असते, हे त्या दाखवितात.

विमानाच्या आतील विजेच्या आगीचे ठळक उदाहरण लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील आहे. २६ फेब्रुवारी २००७ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या बोइंग ७७७ विमानातील मोठा काँटॅक्टर निकामी झाला. त्यातून वितळलेल्या धातूचे थेंब खाली पडून उष्णतारोधक आवरणाने पेट घेतला. विमान त्या वेळी जमिनीवर होते, हे सुदैव. त्याच विमानतळावर १२ जुलै २०१३ रोजी इथिओपियन एअरलाइन्सच्या रिकाम्या, वीज बंद असलेल्या बोइंग ७८७ विमानाला आग लागली. ती आपत्कालीन संदेशयंत्रातील लिथियम बॅटरीतून उद्‌भवल्याचे ब्रिटिश तपासात निष्पन्न झाले. बाहेरील प्लग काढला म्हणजे विमान निर्धोक झाले असे नाही, हा या घटनेचा धडा.

पर्याय म्हणून वापरला जाणारा एपीयूही पूर्णपणे निर्धोक नाही. २२ जुलै २०२५ रोजी हाँगकाँगहून दिल्लीला आलेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या एपीयूला ते थांब्यावर आल्यानंतर, प्रवासी उतरत असताना आग लागली. प्रवासी आणि कर्मचारी सुखरूप बाहेर पडले.

जोडणीची योग्य पद्धत

विमान थांबल्यावर चाकांना अडसर लावले जातात, जीपीयूचा ब्रेक ओढला जातो आणि त्याच्याही चाकांना अडसर लावले जातात. संच अशा दिशेने उभा करावा, की आणीबाणीत तो मागे न घेता सरळ पुढे नेता येईल. प्लग लावण्यापूर्वी पिना, आवरण आणि केबल यांची डोळ्यांनी पाहणी करावी. काळवंडलेली पिन, वितळलेली कड, सैल बसणारा प्लग किंवा चिरलेले आवरण दिसल्यास तो प्लग वापरू नये.

प्लग बसविताना जीपीयूची वीज बंद असावी. प्लग तिरका न करता सरळ, पूर्ण आत जाईपर्यंत दाबावा. केबलचे वजन सॉकेटवर लोंबकळू नये, यासाठी आधाराचा पट्टा लावावा. वीज सुरू केल्यावर काही मिनिटांनी प्लगजवळ हात नेऊन तो प्रमाणाबाहेर तापत नाही ना, हे पाहावे. करपल्याचा वास हा पहिला इशारा असतो.

काढताना क्रम उलटा होतो. प्रथम कॉकपिटमधून भार काढला जातो, मग जीपीयूचा काँटॅक्टर उघडला जातो आणि शेवटी प्लग ओढला जातो. केबल धरून नव्हे, तर प्लगची मूठ धरून तो काढावा. प्लग जमिनीवर न टाकता त्याच्या जागी ठेवावा. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत हे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण पाण्याच्या डबक्यात पडलेला प्लग पुढच्या विमानात ओलावा आणि गंज घेऊन जातो.

देखभालीत प्लगच्या सॉकेटची पकड ठराविक काळाने मोजली जाते आणि झिजलेले तुकडे बदलले जातात. भार असताना उष्णता-कॅमेऱ्याने पाहणी केल्यास सैल संपर्क आग लागण्याच्या कितीतरी आधी सापडतो.

आग लागल्यास

पहिली कृती म्हणजे जीपीयूवरील आणीबाणीचे लाल बटण दाबून वीज तोडणे. जळता प्लग भार असताना ओढू नये. त्याच वेळी कॉकपिटला कळवावे, इंधन भरणे थांबवावे आणि विमानतळाच्या अग्निशमन दलाला वर्दी द्यावी. प्रवाशांना बाहेर काढण्याचा निर्णय वैमानिकाचा असतो. परंतु त्याला धूर दिसत नसतो, तो खाली उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला दिसतो. म्हणून वेळेवर दिलेली सूचना सर्वांत मोलाची ठरते.

विजेच्या आगीवर कार्बन डायऑक्साइडचे उपकरण वापरावे. कोरडी रासायनिक भुकटीही आग विझविते. मात्र ती विमानाच्या धातूला व इलेक्ट्रॉनिक भागांना गंजविते, त्यामुळे नंतर संपूर्ण तपासणी करावी लागते. वीज चालू असताना पाणी मारू नये. लिथियम बॅटरीचा नियम वेगळा आहे : वीज तोडल्यानंतर तिला थंड करण्यासाठी भरपूर पाणी लागते, आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. विमानतळाच्या बंबांनी धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला ३ मिनिटांच्या आत पोहोचावे, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ती ३ मिनिटे मात्र जवळ उभ्या असलेल्या माणसाचीच असतात.

औद्योगिक पट्ट्यासाठी बोध

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात विजेवरील वाहनांचे उत्पादन वाढले आहे. आकुर्डीत विजेवरील चेतक स्कूटर तयार होते, तर चाकणमध्ये महिंद्रच्या विजेवरील मोटारी. या मोटारींच्या चार्जिंग प्लगमध्येही विमानाच्या प्लगमधील तेच तत्त्व आहे : नियंत्रणाची लहान पिन शेवटी जुळते आणि प्रथम सुटते. विमान-प्लगची झीज, इंटरलॉकला दिली जाणारी बगल आणि तापणारा संपर्क हे तिन्ही धोके चार्जिंग केंद्रांवरही तसेच लागू होतात.

वर्कशॉपमध्ये हेच दोष साध्या रूपात दिसतात. वेल्डिंग मशिनच्या केबलचा सैल लग, तांब्याच्या बसबारवर थेट कसलेली ॲल्युमिनियमची तार, फ्यूजच्या जागी बांधलेली जाड तार, बंद पडू नये म्हणून बांधून ठेवलेला लिमिट स्विच – या साऱ्यांचा अर्थ एकच. ३० ऑगस्ट २०२३ रोजी चिखलीतील पूर्णानगर येथे दुकानाला लागलेल्या आगीत तेथेच राहणाऱ्या एका कुटुंबातील ४ जणांचा मृत्यू झाला. शॉर्टसर्किटमुळे ही आग लागल्याचा प्राथमिक अंदाज व्यक्त झाला होता. विजेची आग झोपलेल्या माणसाला पळण्याची संधी देत नाही, हे या शहराने जवळून पाहिले आहे.

कायद्याची चौकट उपलब्ध आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०२३ मध्ये नव्याने लागू झाले. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम २००६ मध्ये झाला. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आणि अग्निशामक उपकरणांची निवड व देखभाल यांसाठी आयएस २१९० ही भारतीय मानके आहेत. मात्र मानक कागदावर असते आणि प्लग माणसाच्या हातात असतो. काळवंडलेली पिन पाहून ‘आजचा दिवस निभावून नेऊ’ असे न म्हणता ती बाजूला काढणारा वायरमन आणि त्याला त्यासाठी वेळ देणारा पर्यवेक्षक, हेच अग्निसुरक्षेचे पहिले साधन होय.